काचेतलं पाणी

१

कॉलेज सोडल्यापासून अंकुश गजभियेचा नेम ठरलेला होता. बुधवारी दुपारचं जेवण उरकलं की कॅमेरा पिशवीत टाकायचा, रितिकाच्या स्कूटरवर मागे बसायचं आणि नागपूरच्या आसपासचा एखादा बंद पडलेला कारखाना गाठायचा. रितिका त्याची कॉलेजातली मैत्रीण. ती पास झाली, आणि पास होऊन शहराबाहेर बेसाला एका बिल्डरच्या ऑफिसात लोकांना सॅम्पल फ्लॅट दाखवायला लागली. तिला सुट्टी बुधवारी.

"नवीकोरी घरं दाखवून दाखवून जीव विटला गा माझा," ती म्हणायची. "चाल, आज काही पडकं पाहू."

पडक्याला तोटा नव्हता. वर्षभरात त्यांनी अठरा ठिकाणं पालथी घातली. साबणाचा कारखाना, तेलाची गिरणी, कामठी रोडचं कापड रंगवायचं खातं. कुंपणाला भगदाड असायचंच. आत गेलं की छपराच्या पत्र्यांतून उन्हाच्या पट्ट्या, कबुतरांची घाण, भिंतीवर 'सुरक्षा प्रथम', आणि टेबलावर कुणाचा तरी विसरलेला चष्मा. अंकुशचा नियम एकच, कशाला हात लावायचा नाही. गंजावरचं इंजेक्शन कोण टोचून घेणार, आणि सापडलो तर चोर ठरायला वेळ लागत नाही. फोटो काढायचा, निघायचं.

हे कशासाठी, असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं होतं. मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले, पोरगं वाया गेलं. कॉलेजच्या सरांनी एका फोनवर 'करिअर' हा शब्द सात वेळा काढला. अंकुशला त्यांचं हसू यायचं, आणि हसून झालं की राग. याच माणसांच्या उमेदीच्या वर्षांत हे कारखाने एकामागून एक बसले. कुणी तोंड उघडलं नाही. पुढारी मालकाच्या गाडीत बसून गेले, बाकीचे घरी जाऊन झोपले, आणि आता तीच माणसं पोरांना विचारतात, नोकरीचं काय झालं. तर बघा म्हणावं, तुमच्या नोकऱ्या अशा दिसतात.

२

एप्रिलात ते काटोलच्या बाजूला गेले. संत्र्याचा रस काढायचा कारखाना, दहा वर्षं बंद. मागच्या अंगाला बॉयलरची खोली होती, आणि खोलीभर एकटा बॉयलर, चाकं काढून ठेवलेल्या जुन्या रेल्वे इंजिनासारखा. त्याच्या पुढच्या हँडलवर सुताचा एक गुंता अडकवलेला होता. कारखान्यात हात पुसायला देतात तो. कामगार त्याला नुसतं 'वेस्ट' म्हणतात.

अंकुशनं फोटो काढला, मग वाकून पाहिलं. वेस्ट ओलं होतं. तेलाचा थेंब खालच्या टोकाला जमला आणि त्याच्या डोळ्यांदेखत फरशीवर पडला.

"भंगारवाले असतील," रितिका म्हणाली. "नट ढिले कराले तेल टाकतात ते."

"नट तर सगळे जागच्या जागी हायत. पितळेचे कॉकसुद्धा. भंगारवाला पितळ सोडून जाते काय?"

"तू काय इन्स्पेक्टर हायेस काय बे? घे ना फोटो."

त्यानं घेतला. पण खोलीत वास होता. गंजाचा नाही, कबुतरांचा नाही. तंबाखू आणि घाम. आत्ताच कुणीतरी हात पुसून लघवीला गेलंय आणि येईलच, असा.

परतीच्या वाटेवर रितिकानं स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाणली. ऊन फार होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

३

घरी येऊन त्यानं वर्षभराचे फोटो लॅपटॉपवर उघडले. अठरांपैकी नऊ ठिकाणी बॉयलर होता. नऊच्या नऊ फोटोंत हँडलवर वेस्ट होतं.

यात काय विशेष, तो स्वतःशी म्हणाला. जिथं बॉयलर तिथं वेस्ट असणारच. तेल काही वर्षानुवर्षं वाळत नाही. मग त्यानं फोटो मोठे केले. गुंत्यात एक निळा धागा होता. साबणाच्या कारखान्यात होता, तेलाच्या गिरणीत होता, काटोलला होता. मागच्या जुलैच्या फोटोत गुंता जवळजवळ पांढरा होता. नोव्हेंबरात करडा. फेब्रुवारीत मळकट. आता काळा. नऊ वेगवेगळी ठिकाणं, आणि एकच वेस्ट वर्षभर रोज हात पुसून काळं होत गेलेलं.

मागे बशी वाजली. ताराचंद, त्याचे वडील, चहा घेऊन उभे होते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची कंपनी होती, तिथं ते बॉयलरवर होते. ती बंद पडली तेव्हा अंकुश चार वर्षांचा होता. त्यानंतर एकोणीस वर्षं ते एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन. कंपनीबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. आज ते स्क्रीनकडे बघत होते.

"तू हात लावला काय याले?"

"नाही."

"लावू नको."

"काहून? काय हाय ते?"

ताराचंदनी चहा टेबलावर ठेवला. "बॉयलर एकटा सोडाचा नसते. दुसऱ्या पाळीचा माणूस येते, काचेत पाणी पाहते. मग जाणारा हात पुसते आन् वेस्ट त्याच्या हातात देते. घेतलं का बॉयलर त्याचा. मग जाणारा जाऊ शकते."

"आणि दुसरा आलाच नाही तर?"

"येतेच," ताराचंद म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले. तेवढ्यात समोरून रुखमाबाई आली, चार घरं पलीकडची. ताराचंद लगबगीनं आत सरकले. तिचा नवरा गणपतराव त्याच बॉयलरवर पहिल्या पाळीला असायचा. कंपनी बंद पडली त्या आठवड्यात तो सुरतेला पळून गेला, असं वस्तीत, जयताळ्यात, सगळे सांगत. पत्र नाही, फोन नाही. रुखमाबाईनं कुंकू पुसलं नव्हतं आणि कुणाशी बोलणंही ठेवलं नव्हतं. ताराचंद तिच्यासमोर कधी येत नसत. अंकुशला वाटायचं, बाप लाजाळू आहे.

४

पुठ्ठ्याची कंपनी त्यानं मुद्दाम शेवटी ठेवली होती. बापाची कंपनी, वर्षाचा शेवटचा फोटो. 'लावू नको' हे दोन शब्द आले नसते तर कदाचित त्यानं ती टाळलीही असती. पण एकोणीस वर्षांत बापानं पहिल्यांदा कामाबद्दल काही सांगितलं, आणि तेही मनाईच. दुसऱ्याच बुधवारी तो निघाला.

मे महिना, दुपारचे दोन. वसाहतीतल्या चालू कारखान्यांच्या बस दुसऱ्या पाळीची माणसं उतरवत होत्या. रितिकाचा पाय मुरगळलेला, तिला भिंत चढता येईना. ती बाहेर कडुनिंबाखाली स्कूटरवर बसून राहिली.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "सोळावं लागलं का मी चालली."

आत सगळं अठरा ठिकाणांसारखंच होतं, बॉयलरची खोली सोडून. तिचा उंबरा स्वच्छ होता. आत एकही कबुतर नव्हतं. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की गार वाटायला हवं, इथं आत जास्त गरम होतं. पत्रा तापला असेल, अंकुश म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं.

बॉयलरच्या तोंडाशी एक उभी काचेची नळी होती. आत पाणी किती आहे ते बाहेरून दिसावं म्हणून असते ती. काच धुळीनं माखली होती, पण मध्यावर एक आडवी रेघ दिसत होती. जुन्या क्षाराचा डाग असणार. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस केला.

रेघ हलली. थोडी वर, थोडी खाली. माणूस आवंढा गिळतो तेव्हा गळा हलतो तशी.

धूळ पुसल्याशिवाय फोटो येणार नव्हता. डोळा कॅमेऱ्यावरच ठेवून त्यानं सवयीनं डावा हात मागे केला. "रितिका, फडकं दे वं."

हातात फडकं आलं.

त्यानं काच पुसली, फोटो काढला. अजून एक काढला. मग खिशातला फोन वाजला.

"अठरा मिनिटं झाली," रितिका म्हणाली. तिच्या आवाजामागून ट्रक गेला. "इथं बसून भाजून राहिली मी."

अंकुशनं हाताकडे पाहिलं नाही. फडकं ओलं होतं, आणि कोमट होतं. पाठीमागे कुणीतरी घसा खाकरला. मग पावलं वाजली. घाईची नव्हेत. आठ तास उभं राहून पाय भरून आलेल्या माणसाची, काम संपल्यावरची पावलं. ती दाराकडे गेली. अंकुशनं मान वळवली तेव्हा दारातल्या उन्हात एक टाच उचलली जात होती, भेगाळलेली, भेगांत कोळसा बसलेली. मग नुसतं ऊन.

५

तो पळाला. दार सात पावलांवर होतं. चौथ्या पावलाला मागे बारीक शिट्टीसारखं काही सुरू झालं. त्यानं वळून पाहिलं. काचेतली रेघ बोटभर खाली आली होती.

एक पाऊल मागे घेतलं, रेघ चढली. पुढे टाकलं, उतरली. त्यानं पाच वेळा करून पाहिलं. त्यानं कॉलेज सोडलं होतं, डोकं सोडलं नव्हतं. पाण्याचा पाइप भिंतीपाशी कापलेला दिसत होता. कोळसा नव्हता, वीज नव्हती. हे उकळूच शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं भट्टीच्या दाराजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. दाराच्या फटीत मात्र त्यानं पाहिलं नाही.

त्यानं वेस्ट फेकून दिलं. शिट्टी एकदम इतकी चढली की दातांच्या मुळांत कळ गेली. फरशी थरथरायला लागली, छपराची धूळ खांद्यावर पडली. भिंतीपलीकडे रितिका होती. तिच्यापलीकडे चालू कारखाना, दुसऱ्या पाळीची दोनशे माणसं. अंकुशनं वाकून वेस्ट उचललं. आवाज बसला.

त्याचा कशावर विश्वास बसला होता असं नाही. फक्त पाचवं पाऊल टाकायची त्याची हिंमत होत नव्हती.

"स्कूटर काढ," त्यानं रितिकाला फोन केला. "घरी जा. बाबाले घेऊन ये."

"काय झालं? पडला काय?"

"त्यांले सांग, मी वेस्ट घेतलं."

"काय घेतलं?"

"जा ना वं, रितिका."

फोन बंद झाला आणि भिंतीपलीकडे स्कूटर सुरू झाली. वर्षभरात त्यानं बापाला एका शब्दानं कशाला बोलावलं नव्हतं. आता तो काचेसमोर उभा राहून त्याची वाट बघत होता. रेघेवरून नजर हलली की ती घसरायची. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हातात एकच गोष्ट होती आणि ती तोंडाला लावायची नव्हती. पाच मिनिटांत गुडघे दुखायला लागले. वीस मिनिटांत त्याला रडू आलं, पण डोळे भरले तर रेघ दिसणार नाही म्हणून त्यानं ते आवरलं.

६

तीनला पाच कमी असताना ताराचंद दारात आले. वॉचमनची निळी पँट आणि वर बनियन, शर्ट घालायलाही थांबले नव्हते. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. आधी काच पाहिली.

"पाणी?"

"अर्धं."

"हं."

"बाबा, हे काय हाय?"

ताराचंदनी प्रेशरचा काटा पाहिला, कॉक पाहिले, एकेका गोष्टीला नुसता हात लावत गेले. बोलले ते बॉयलरकडे तोंड करून.

"त्या दिवशी सेकंड शिफ्ट माझी होती. तीनले आलो तं गेटवर टाळेबंदीचा कागद. पोलीस उभे. मी म्हटलं, गणपतराव आत हाय, त्याले मोकळं कराचं हाय. साहेब म्हणे, सगळे बाहेर निघाले. मी ऐकलं."

"आणि?"

"आन् काय. घरी गेलो. जेवलो."

"तो आत होता हे माहीत होतं तुम्हाले."

"सगळ्यांले माहीत होतं. बदली आल्याशिवाय बॉयलर सोडणारा माणूस नव्हता तो."

"मग सुरतचं कोणी काढलं?"

"मीच," ताराचंद म्हणाले. "कोणीतरी काही सांगावं लागते ना बाईले."

अंकुशच्या तोंडाशी वर्षभराचं सगळं आलं. तुम्ही लोक. तुमची गेटं, तुमचे साहेब, तुमचं ऐकणं. एक माणूस आत सोडून तुम्ही भात कालवला, आणि आम्हाला शिस्त शिकवता. त्याला बापाला गदागदा हलवायचं होतं. पण त्यासाठी काचेवरून नजर काढावी लागली असती.

ताराचंदनी हात पुढे केला.

"आण."

"तुम्ही इथं काय..."

"तीन वाजले. आण ते."

पोरानं अशा वेळी नाही म्हणायला हवं. अंकुशनं म्हटलं नाही. त्याचा हात गेला, आणि इतका चटकन गेला की बापाची मूठ नीट उघडायच्या आत त्यानं वेस्ट तिच्यात कोंबलं. पायांतला ताण उतरला. कानातली शिट्टी थांबली. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज त्या क्षणी तरी वाटली नाही.

ताराचंद काचेकडे वळले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली होती. गेटवर खुर्चीत बसलेली त्यांची पाठ अंकुशनं अशी कधी पाहिली नव्हती.

"जा आता. आईले सांग..." ते थांबले. विचार केला. "काही नको सांगू."

७

अंकुशनं सांगितलं. आईला, म्हणजे शामलाला, त्याच संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पोलिसांना. दोन शिपाई सोबत आले. आत ताराचंद नव्हते. बॉयलरची काच फुटलेली होती. भट्टीत कबुतराचं घरटं, घरट्यात अंडी. फरशीवरच्या धुळीत पावलं एकट्या अंकुशची, आत गेलेली आणि बाहेर आलेली. कॅमेऱ्यातल्या फोटोंत काच होती, रेघ नव्हती. शिपायानं विचारलं, वडील पीत होते काय. मग म्हणाला, येतील, या वयात जातात माणसं.

शामला त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, समोर ठेवायची, निघून जायची. आठव्या दिवशी मोठेबाबा आले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ताराचंदला पुण्याला काम लागलं, मोठी सोसायटी आहे. लोकांनी माना डोलावल्या. अंकुश तिथंच बसला होता.

रुखमाबाईनं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. सकाळी तिच्या ओट्यावर घासलेली भांडी वाळत असत, त्यात आता ताटं दोन. एकदा अंकुश तिच्या दारावरून गेला तेव्हा आत कुणीतरी घसा खाकरला. तो पुढे पळाला नाही. पायच उचलेनात. मग आतून रुखमाबाई कुणाला तरी, फार हळू, म्हणाली, "बसा ना. काहून उभेच राहता?"

काय करायचं ते त्याला कळत होतं. फार सोपं होतं. तीनला जायचं, पाणी विचारायचं, हात पुढे करायचा. मग पुढच्या तीनला कोण, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याला सापडत नव्हतं. आई? रितिका? त्याच्यामागे कुणी नव्हतं. तरी रोज अडीच वाजता तो चप्पल घालायचा. रोज रितिका ऑफिसातून खोटं बोलून निघायची आणि त्याला हिंगण्याच्या त्या भिंतीपाशी सोडायची. रोज तो भिंतीला हात लावून परत यायचा.

"आज जाशील?" ती विचारायची.

"आज जाईन."

बाराव्या दिवशी भिंतीपलीकडून फावड्याचा आवाज आला. कोळशात घुसणाऱ्या फावड्याचा. मग खोकला. मग आवाज. बाराच दिवस झाले होते, पण तो आवाज कित्येक वर्षं उभ्या असलेल्या माणसाचा होता.

"कोण हाय? सेकंडचा आला काय?"

रितिकानं अंकुशकडे पाहिलं. तिलाही ऐकू गेलं होतं. त्याचे दोन्ही तळवे तापलेल्या भिंतीवर होते.

"पाणी उतरून राहिलं गा," आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. नुसता दमलेला, आणि समोर कोण उभं आहे ते ठाऊक नसलेला. "आला असशील तं ये लवकर."

अंकुशनं तोंडावर हात दाबून धरला, श्वासही जाऊ नये म्हणून. दूरवर कुठल्यातरी चालू कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. तो थांबेपर्यंत अंकुश तसाच उभा राहिला. त्यानं ओ दिली नाही.